उष्टा मकरंद

फेब्रुवारी. काथोर्लाच्या डोंगरात
उत्तरेच्या उतारावर बर्फ अजून पाय रोवून आहे,
आणि हेलेबोर मात्र फुललंय:
हिरवी, मान खाली घातलेली घंटाफुलं,
काठाला जांभळी रेघ,
पान चुरडलं तर वास असा
की बकऱ्यासुद्धा तोंड फिरवतात.

एलादिया गुडघे टेकून पिशव्या बांधते,
पातळ जाळीच्या, दोरीला सरकगाठ.
चाळीस फुलं सोवळ्यात,
चाळीस मोकळी, येईल त्याची.
पेन गारठलं की काखेत धरायचं,
मग पुढचा आकडा.

म्हातारा सेल्सो काठीवर रेलून विचारतो,
"पोरी, फुलांना सर्दी होते का गं?"
रोज हाच विनोद.
रोज ती हसते, कालच्याहून थोडी कमी.

मग ती येते,
मातीखालून नुकतीच जागी झालेली भुंगराणी,
एकटी, पोटात सबंध वसाहत,
अंगावर घोंगडी,
जिभेवर खालच्या वळणावरच्या फुलाचं उष्टं.
एका घंटेत शिरते, मग दुसरीत, सहावीत,
आणि नुसती पिऊन उठत नाही.
जाताना लावून जाते
डोळ्याला न दिसणारं विरजण.

तीन दिवसांनी केसाएवढ्या काचनळीत
एलादिया मकरंद ओढते.
पिशवीतला: नितळ.
भिंगाखाली रिकामं आभाळ.
मोकळा: गढूळ, पातळ,
भिंगाखाली लग्नघर,
यीस्टच्या पेशींना पेशी फुटताहेत
आणि पंगत उठायचं नाव नाही.
जो आधी आला त्याने पाट मांडला,
मागून आलेल्याला आंबट पाणी.
शेजारच्या फुलात एक माशी बसून गेली होती,
तिने निराळेच लोक उतरवले.
देठ एकच,
आणि त्यावर दोन गावं,
कोण आधी येऊन गेलं एवढ्यावरून वेगळी.

सुईसारखा तापमापक आत सरकवून ती श्वास धरते.
सोवळं फूल हवेइतकंच गार.
ओवळ्यात चार अंश ऊब.
पुन्हा मोजते.
चार.

रात्री ओबदुलियाच्या स्वयंपाकघरात ती हे सांगते.
सतरा घरांचं गाव, धूर चारांतून,
त्यातलं हे एक.
ओबदुलिया कणीक तिंबत ऐकते,
आणि विचारते ते नेमकं:
"बी कुणाला जास्त धरतं?"
"ठाऊक नाही अजून. साखर तर ते खाऊनच टाकतात.
कदाचित कमीच धरेल."
"पाहुणे म्हटले की साखर संपायचीच,"
म्हातारी म्हणते, आणि
मातीच्या बरणीवरचं फडकं उचलते.

आत आंबवण बुडबुडतंय.
हे फर्मिनाकडून आणलेलं, जी हाएनला लेकाकडे गेली.
फर्मिनाने आणलं गिरणीवालीकडून,
तिचं नाव आता कुणाला आठवत नाही.
"नवरा गेला तेव्हा मी दार लावून घेतलं.
एक हिवाळा.
बरणी काळी पडली.
मग फर्मिना आलीच, न विचारता, चमचाभर घेऊन."
एलादिया हात धुवायला उठते.
"फार घासू नकोस," ओबदुलिया म्हणते,
"सगळंच निघून जाईल."

सकाळी उतारावर दंव.
एकोणचाळीस पिशव्या तशाच ताठ.
तेविसाव्या फुलाची सरकगाठ
एलादिया दोन बोटांनी ओढते, आणि वहीत लिहिते:
'२३. गाठ सुटली.'
कुणी सोडली ते लिहीत नाही.

मग दगडावर बसून राहते,
पेन काखेत.
दुपारपर्यंत कुणी येत नाही.